भेट समितीची लांब प्रार्थना

आमच्या चर्चच्या भेट समितीत मी आहे, म्हणजे आजाऱ्यांना भेटून धीर द्यायचं काम माझ्याकडे आहे. समितीत यायला परीक्षा नसते. नोकरीतून निवृत्त व्हा, दिवसभर घरात बसून घरच्यांना नकोसे व्हा, की पाळकसाहेब स्वतःच विचारतात, "थोडी सेवा कराल का?"

आमचे प्रमुख म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांची प्रार्थना पॅसेंजर गाडीसारखी, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी. ती जगाच्या उत्पत्तीपासून निघते, देशाचे पुढारी, सीमेवरचे जवान, परीक्षेला बसलेली मुलं अशा सगळ्यांना घेत घेत शेवटी एकदाची पेशंटच्या खाटेला लागते. तोवर पेशंटला झोप लागलेली असते. काका म्हणतात, "पाहा, देवाची शांती उतरली."

आमच्या शहरातल्या धंतोली भागात दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या सेवेलाही खंड नाही. आम्ही लिफ्टमध्ये मावत नाही, वॉर्डात मावत नाही. मग पेशंटच्याच खाटेवर त्याचे पाय सरकवून बसतो आणि याच आजारानं आपल्या ओळखीतलं कोण कोण गेलं ते सांगून त्याला धीर देतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या क्वायरच्या बाई भरती झाल्या. लग्न असो, नाताळ असो की मयत, चर्चमधला पहिला सूर त्यांचाच. गळ्यात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही. सक्करदऱ्याला एकट्या राहणाऱ्या त्या बाईजवळ आवाजाशिवाय होतं तरी काय? हे समितीला पक्कं माहीत होतं, म्हणून तर आम्ही नेहमीपेक्षा जास्त जण गेलो.

आम्हाला पाहून बाई म्हणाल्या, "बरं झालं आले. मले एक गाणं म्हणायचं आहे. ऐकता का?"

"तुम्ही बोलूच नका," काका म्हणाले. "गळ्याले आराम द्या. गाणं आम्ही म्हणतो."

आता आमची गोष्ट अशी, की समितीचा निम्मा वेळ मयतीतच जातो. पुस्तकाशिवाय सगळ्यांना पाठ येतं ते दफनाच्या वेळचं गीत. काकांनी डोळे मिटून तेच उचललं आणि आम्हीही सवयीनं मागून सूर लावला. पहिलं कडवं संपून कबरीपर्यंत पोचलो तेव्हा मी डोळे उघडले. बाई आमच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"काहून गा भाऊ," त्या काकांना म्हणाल्या, "मले आजच पुरून राहिले का?"

काका गडबडले आणि गडबडीत त्यांना जे एक जमतं ते त्यांनी केलं, प्रार्थना सुरू केली. गाडी जवानांपर्यंत पोचली असेल, तेवढ्यात बाई गायला लागल्या. नाताळचं गीत, ऐन मे महिन्यात, कूलर घरघरत असताना. शेजारच्या खाटेवरच्या भिवापूरच्या आजींनी डोक्यावर पदर घेतला. चौकीदार "टाइम झाला" म्हणत आला, तर बाईंनी हात दाखवून त्याला थांबवलं आणि शेवटचं कडवं पूर्ण केलं. मला रडू आलं. काकांचेही डोळे भरले होते, पण त्यांनी कूलरच्या हवेला दोष दिला.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला.

महिन्याभरानं आम्ही बाईंच्या घरी गेलो. वाटेत काकांनी, कधी नव्हे ते, स्वतःच ताकीद दिली, "प्रार्थना लहान करू. बाईले त्रास नको." बाईंनी चहा केला, बिस्किटं पुढे ठेवली. काका दोन वाक्यांत आमेनला पोचले आणि आम्ही चपला शोधायला उठलो.

बाईंनी काकांची बाही धरली. त्यांचं बोलणं म्हणजे नुसती हवा, जवळ वाकल्याशिवाय कळत नव्हतं.

"घाई काहून करून राहिले भाऊ?" त्या म्हणाल्या. "आता करा ना लांब. मले कुठं मधात गायचं आहे!"

आम्ही परत बसलो. सगळ्यांनी डोळे मिटले, पण सुरुवात काही कोणाच्यानं होईना.