अणदूरच्या बंगल्यातली वाळ्याची ताटी

"वैशाखात मोगलाईत कोण जातं?" शेजारणीनं विचारलं आणि माझं जायचं पक्कं झालं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईनं घरातच उकडून निघावं, असा नियम आहे की काय?

सोलापुरातून सकाळची मोटार धरा आणि पुढची जागा पकडा, मागं नुसती धूळ. तिकडं चालणारी हाली नाणी आधीच बदलून घ्या. नाक्यावर निजामाच्या शिपायानं माझ्या दशम्यासुद्धा उलगडून पाहिल्या. दशमीत मी काय दडवणार?

अणदूरला खंडोबाचं दर्शन घेतलं आणि भंडाऱ्यानं पिवळी होऊन मुक्कामाला सरकारी बंगला गाठला. समोरच्या दारात वाळ्याची भली मोठी ताटी, तिच्यावर बंगल्याची पाणी भरणारी पार्वतव्वा घागरीमागून घागर ओततेय आणि आत मात्र भट्टी! चौकीदार शिवलिंगप्पा म्हणाला, उद्या साहेब येणार, बंगला आजपासूनच गार हवा.

पार्वतव्वानं घागर टेकवली. "बाई, हिरीला गाळ लागलाय. इथं असंच वतलं तर सांजच्याला गल्लीनं काय प्यायचं?"

वारा होता मागून, पश्चिमेचा, आणि तिकडची खिडकी बंद! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ओला रुमाल वाऱ्यात धरला की कसा गार पडतो ते दाखवलं होतं, तेवढं शास्त्र मला पुरे. ताटी मागं बांधा, मी शिवलिंगप्पाला म्हटलं.

"मागं कुणाला दिसंल? साहेब म्होरनं येत्यात."

"साहेबांना ताटी दाखवायचीय की गारवा द्यायचाय?"

बिचाऱ्याला नोकरीची धास्ती. साहेब रागावले तर माझं नाव सांगा म्हटल्यावर हलला. ताटी मागच्या खिडकीत गेली, समोरचं दार सताड उघडलं आणि वाळ्याचा असा गार झोत आला की मी चक्क टाळ्या पिटल्या! नंतर दिवसभरात चारच घागरी लागल्या. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी विहिरीवर आपले हंडे भरले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब आले. मोकळं दार पाहून कपाळाला आठी. ताटी कुठं गेली म्हणून विचारलं, तेव्हा शिवलिंगप्पाला घाम फुटला. मी म्हटलं, आधी बसा तर. ते बसले, शेरवानीची बटणं सोडली आणि थोड्याच वेळात घोरायला लागले.

खिडकीपलीकडून पार्वतव्वा म्हणाली, "निजलं जणू."

घरी परतले, कुलूप काढायला गेले आणि थबकले. माझीही ताटी रस्त्याकडच्या दारात! येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावी म्हणून मीच हौसेनं ठोकून घेतलेली, आणि आमची मोलकरीण शेवंता उन्हाळाभर तिच्यावर पाणी वाहत होती.

पदर खोचून मी स्वतः खिळे उपटले. आता ताटी परसदारी, वाऱ्याच्या तोंडी आहे. पाहायची असेल तर मागून या.