भिंतीखालचं नाव

फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास आला की भंडाऱ्याची ती भिंत आठवते. माझ्या पेंटर मित्राने तिच्यावर वेगळ्या विदर्भाचा जुना वाद रंगवला होता. सभागृहातल्या बाकांवरून उठून एकमेकांवर बोटं रोखणारे पुढारी. लोक सायकली थांबवून बघत, आणि समोरच्या माझ्या स्टुडिओकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. पोटात दुखायचं. "खालचं माहं नाव येऊ देजो, भाऊ," मी भिंतीचा फोटो काढताना तो म्हणाला. मी "हो" म्हणत कॅमेरा वीतभर वर उचलला. नाव कापलेला फोटो पाहून तो नुसता हसला, "राहू दे, भिंतीवर त हायेच." पुढच्याच निवडणुकीत घोषणांसाठी ती भिंत चुन्याने पांढरी झाली. आता तेवढा फोटो उरलाय, मागे माझ्या स्टुडिओचा शिक्का. कोणी विचारतं, "हे चित्र कोनं काढलं?" मी अजूनही सांगतो, "फोटो माहा हाये."