काना गावच्या लग्नाची भिंत

नवल वळवीने दारू आणि ब्रश एकाच दिवशी सोडले. ब्रशचा तसा काही गुन्हा नव्हता. पण नंदुरबारात दुकानांचे बोर्ड रंगवायच्या त्या काळात कोरड्या घशाने त्याने एक काना-मात्राही काढलेला नव्हता, त्यामुळे कोणती सवय कुठे संपते हे त्याचं त्यालाच सांगता येईना. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या पाळकांनी दारूच सोडायला सांगितली होती. ब्रश त्याने वरकड म्हणून सोडला. पुढची सगळी उमेदीची वर्षं मिरची वाळवायच्या पथारीवर राखणदारी करण्यात गेली. तिथे मैदानभर लाल रंग पसरलेला असतो, आणि तो पसरायला पेंटर लागत नाही.

या भागात माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे नेमकं काय झालं, याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं उत्तर धर्मशास्त्रात शोधू नये. ‘त्याने पिणं सोडलं,’ एवढंच ते सांगतात. चर्चच्या मंडळीतल्या लग्नाला सरबत असतं. प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षारसाऐवजी मनुका उकळून गाळलेलं पाणी असतं.

साठी उलटली, पथारीवरचं काम सुटलं आणि नवलचा हात शिवशिवायला लागला. तो पाळकांकडे गेला. योगेंद्र पाळक वयाने लहान, नुकतेच सेमिनरीतून आलेले.

“देवाने हात दिला,” नवल म्हणाला, “मी तो देशी दारूच्या दुकानांना वापरला. सगळ्यात चांगले बोर्ड त्यांचेच काढलेत. आता मरायच्या आधी एक चित्र देवाचं काढतो. चर्चमधली व्यासपीठामागची भिंत द्या.”

पाळकांना गहिवरून आलं. त्या भरात कोणतं चित्र, हे विचारायचं राहून गेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मेंढरं राखणारा येशू असावा.

नवलचा हिशेब सरळ होता. आपलं पहिलं चित्र, तर प्रभूचा पहिला चमत्कार. काना गावचं लग्न: द्राक्षारस संपला, तेव्हा येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. हा हिशेब दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात चालला असता.

भिंतीपुढे चादर बांधून त्याने पावसाळा संपल्यापासून काम केलं. नाताळाच्या आधीच्या रविवारी चादर काढली. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, गोधड्यांवर बसलेले पाहुणे, कडेला पाठमोरा, अंगाने लहानसा येशू. पुढे काठोकाठ लाल भरलेली मडकी. आणि मधोमध पंगतीची व्यवस्था बघणारा भोजनकारभारी, पहिला घोट नुकताच घशाखाली गेलेला, डोळे अर्धे मिटलेले.

मंडळीने माना उंचावल्या.

“बाई गं,” बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “ही तर मोहाच्या दारूची मडकी!”

मग त्याच बाजूला हसू फुटलं. बायका भोजनकारभाऱ्याकडे बघत होत्या, मग पहिल्या बाकावरच्या हेमराज वसावेकडे, मग परत भिंतीकडे. हेमराज मंडळीच्या कमिटीचा अध्यक्ष. आता केस पांढरे, शर्टाला इस्त्री. पण तोंड भिंतीवरचं तेच. नवल पीत होता तेव्हा त्याच्या शेजारी बसून जो पीत असे, तोही तोच.

उपासनेनंतर कमिटी बसली. हेमराज कमिटीत शाळेतलं मराठी बोलतो.

“शास्त्रात दगडी रांजण आहेत. योहान, दुसरा अध्याय. हे मातीचं काय काढलंय?”

“दगडी रांजण मी पाहिले नाहीत.”

“मग अशी मडकी कुठे पाहिलीस?”

कुठे आणि कुणाबरोबर, हे सगळ्या कमिटीला माहीत होतं. त्यामुळे प्रश्न पुढे गेला नाही.

तोडगा पाळकांनी काढला. मडक्यांतलं लाल निळं करावं. म्हणजे चमत्काराच्या जरासं आधीचं चित्र.

“मग ते दारू संपलेल्या लग्नाचं चित्र होईल,” नवल म्हणाला. “चमत्कार कुठाय त्यात?”

“तो भाविकाच्या मनात,” पाळक म्हणाले. ठराव झाला.

घरी नवलने बायकोपुढे, सिंधुबाईपुढे कमिटीचा उद्धार केला. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

“मी त्या लग्नात असते,” ती म्हणाली, “तर संपली म्हणून देवाचे आभार मानले असते.”

“म्हणजे तूही निळंच म्हणतेस?”

“मी काय म्हणते ते तू पीत होतास तेव्हाही तुला ऐकू यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निळा डबा घेऊन तो चर्चमध्ये गेला, तर भिंतीपुढे हेमराज एकटाच उभा. एकटा असला की हेमराजचं शाळेतलं मराठी गळून पडतं आणि अहिराणी उरते.

“नवल्या, हाई मन्हं तोंड शे.”

“माले बी नंतर दिखनं.”

“इतला खूश?”

“फक्त पहिल्या घोटले. मंग नही.”

हेमराज भिंतीच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, काल घरी सून हसत होती. असं कर, लाल राहू दे, कमिटीला मी बघून घेतो. फक्त तोंड बदल.

नवलचा संताप झाला तो इथे. लाल ठेवावं तर तोंड जातं, आणि ज्याने चाखलं त्याचं तोंडच गेलं तर उरतात नुसती दारूची मडकी. तोंड ठेवावं तर लाल जातं. या भिंतीआधी तीस वर्षं त्याने ब्रश धरला नव्हता. असं तोंड या हाताने पुन्हा येईल याची खात्री नव्हती, लाल मात्र कुणीही भरलं असतं. त्याने डबा उघडला आणि मडकी निळी केली. हेमराजने दोन आठवडे त्याच्याशी बोलणं टाकलं.

आणि भिंत नावाजली गेली. नव्या वर्षात सुरतेहून एक उपदेशक आले, चित्र पाहून थबकले आणि ठरवलेला उपदेश बाजूला ठेवून तासभर बोलले. “पाहा या माणसाकडे! नुसतं पाणी पितोय, आणि चेहऱ्यावर केवढा आनंद! हीच आपली साक्ष! जगाला दारू लागते, आपल्याला पाणी पुरतं!”

“आमेन!” मंडळी म्हणाली. सगळ्यात मोठ्याने हेमराज. आता सूनही त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

मागच्या बाकावर नवल उठून उभा राहिला. “ते पाणी नाही. प्रभूने पाणी पाणीच ठेवलं नव्हतं. शास्त्रात—”

बायकांच्या बाजूने उठून आलेल्या सिंधुबाईने त्याची बाही ओढली. “बस. भिंत ठेवली ना त्यांनी?”

“चुकीची ठेवली.”

“बस म्हणते ना.”

तो बसला. उपदेशकांनी शेवटची प्रार्थना केली, चित्रकाराच्या समर्पित हातांसाठी देवाचे आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. नवलने म्हटलं नाही.