जिवाणूची शेपटी आणि गुळाचा पाक

त्या परीक्षकांचा मला अजून राग येतो.

मी टोकावड्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरून नववीत येणारी एक मुलगी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जिवाणू कसा पोहतो ते दाखवणार होती. जिवाणूची शेपटी माशासारखी हलत नाही. ती मळसूत्रासारखी वळलेली असते आणि मुळापासून गरागरा फिरते. जीव इतका बारीक, की साधं पाणीही त्याला दाट लागतं. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आवणीचा चिखलच की, बाई. पाय थांबला का मानूस बी थांबला." भात लावणाऱ्या घरातली पोर, तिला पुस्तक लागलंच नाही.

तिने टबात गुळाचा घट्ट पाक भरला, म्हणजे जिवाणूला पाणी लागतं तितकंच दाट मोठ्या डबीलाही लागेल, आणि रबराच्या पिळावर शेपटी चालणाऱ्या दोन डब्या त्यात सोडल्या. ताठ शेपटी हलवणारी जागच्या जागी डुलायची, जितकी पुढे तितकीच मागे. वळलेल्या तारेची मात्र हळूहळू पुढे सरकायची. नंबर आला तर ती जिल्ह्याला जाणार होती. प्रदर्शन बघायला तिची आई मजुरी बुडवून तालुक्याला, मुरबाडला आली होती.

परीक्षकांनी पाकावरच्या मुंग्या पाहून नाक मुरडलं. "जिवाणू पाण्यात राहतात ना? मग हा चिकटा कशाला? बाई, ओता तो, साधं पाणी भरा."

पाणी भरलं. ताठ शेपटीची डबी तुरुतुरु पळाली आणि तारेची नुसती गिरक्या घेत राहिली.

"उलटंच सिद्ध झालं की!" ते हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. जिच्यासाठी पोर महिनाभर राबली होती, ती गोष्ट त्यांनी ऐकूनसुद्धा घेतली नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक, आयुष्यात कधी चिखलात पाय घातला असेल तर शपथ!

परतीच्या एसटीत मी हेच मोठमोठ्याने बोलत होते. मुलगी रिकामा टब मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. तिच्या आईने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"त्यांना नाय कळलं, खरं हाय," ती म्हणाली. "पन तुमाला तर ठावं होतं. पाक तुमीच ओतलात ना, बाई?"

मी मुलीच्या मांडीवरचा टब उचलला आणि टोकावड्यापर्यंत माझ्या मांडीवर धरला.