इरम्माला झोप कशी येते

शिवगंगाबाईंचा हिशोब साधा होता. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात बेंबळीत ज्याला शांत झोप लागते, त्याचं कुठंतरी पाणी मुरतंय.

निजामाच्या रझाकारांची टोळी कधी कुठल्या गावात शिरेल याचा नेम नव्हता. पुरुष आळीच्या तोंडाशी पाळीनं गस्तीला बसत, बायका अंथरुणावर पडून कुत्र्यांच्या भुंकण्याचा अर्थ लावत. आणि या सगळ्यात इरम्मा घोरत असे. मागच्या सोप्यात, पोत्यावर, उताणी.

इरम्मा ही शिवगंगाबाईंच्या नवऱ्याच्या, अण्णारावांच्या, चुलतभावाची विधवा. अणदूरकडचं तिचं घर मोडलं आणि शिमग्याच्या सुमारास ती बोचकं घेऊन दारात आली. अण्णारावांचं कापडदुकान बरं चालत होतं. त्यांनी ठेवून घेतलं. तिनं न सांगता जातं धरलं, आडाचं पाणी धरलं, म्हशीचं शेण धरलं. लग्न होऊन आल्यापासून हे सगळं एकहाती ओढणाऱ्या शिवगंगाबाई आता दिवसभर लोडाला टेकून सुपारी कातरू लागल्या. त्याच सुमारास त्यांची झोप उडाली. या दोन गोष्टींची सांगड घालायला फार अक्कल लागत नाही, पण बाईंनी ती भलतीकडंच घातली.

"ही आली आन् माजी झोप गेली," त्या शेजारच्या शांताक्कांना म्हणाल्या.

"मग तिला कशी येती?"

"तेच तर. आपल्या दाराला कुणी हात लावणार न्हाय हे ज्याला ठावं, त्योच घोरतोय."

शांताक्कांनी आवाज खाली आणला. "परवा आडावर परक्या माणसासंगं कानडीत बोलत हुती म्हणं."

"काय बोलली?"

"मला कानडी येतंय व्हय?"

संशयाला एवढं सरपण पुरतं. शिवगंगाबाईंनी इरम्माचं बोचकं उसकटलं. एक लुगडं आणि विभूतीची गोळी निघाली. काहीच सापडत नाही म्हणजे बाई पक्की, असं त्यांनी ठरवलं. मग सरळच विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाय?"

"वाटतंय की, वैनी. पर आडवं झालं की अंग ऐकत न्हाय."

हे उत्तर त्यांना फारच तयार वाटलं. अण्णाराव दुकानात असताना बाईंनी तिला मठात धाडून दिलं. मठ गावाबाहेर, तिथं गस्त नव्हती. इरम्मा भांडली नाही. तेही बाईंना खटकलं.

जातं पुन्हा त्यांच्याकडं आलं. पाणी, शेण, कांडण. तळहाताला फोड आले, कंबर धरली, आणि चार दिवसांत त्या अशा झोपू लागल्या की गस्तीवाल्यांनी गलका केला तरी हलल्या नाहीत.

"बगा, रझाकारांची खबरी गेली आन् झोप आली," त्या अण्णारावांना म्हणाल्या.

पण आडावर गेल्या, तर बायकांनी आपापल्या घागरी जवळ ओढल्या. शांताक्का दोर ओढत म्हणाल्या, "काल रात्री सगळी आळी उठून बसली, शिवगंगे. तुज्या घरातनं तेवढं घोरणं येत हुतं."

"दमती मी, शांताक्का."

"व्हय की. इरम्माचंबी असंच हुतं."

त्या दिवसापासून अण्णारावांना गस्तीला कुणी हाक मारली नाही. दुकानासमोरून जाणारे मान फिरवून जाऊ लागले. तेव्हा मात्र बाईंच्या ध्यानात आलं. आळीला कुणीतरी संशयाला लागतंच, आणि ती जागा आपण स्वतःच रिकामी केली होती. त्या तरातरा मठाकडं निघाल्या. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

इरम्मा अंगण सारवत होती.

"चल घरला."

तिनं हात न थांबवता विचारलं, "दळायला नेताय का आळीला दाखवायला?"

शिवगंगाबाईंना खोटं सुचलं नाही. "दोन्हीला."

"मग जात्याला मी एकटी बसायची न्हाय. समोर तुमी बसायचं."

"ते कशाला?"

"दोघी घोरू. आळी कुणाकुणावर डोळा ठिवती बगू."

शिवगंगाबाईंना हेही खटकलं. एवढं सरळ बोलते, म्हणजे हिच्या मनात आणखी काय असेल? तरी त्यांनी होकार दिला. फक्त वाटेनं तिला पुढं चालायला लावलं. पाठीमागं ठेवायची छाती झाली नाही.