वालांचं कर्जत

शेवटचं म्हणजे आम्ही दोघा नवराबायकोनं वाल निवडले. सकाळी, ओट्यावर. तिच्या मांडीवर सूप, मी खडे फेकायला. दुसरं काही नाही.

आदल्या दिवशी बाजारात गेलो होतो. चौकात कर्जतचा नवा नकाशा लावलाय, भिंतीएवढा, रंगीत. मला अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, तिला तेही नाही. मीच वाचून दाखवला. नदी निळी, रिसॉर्टं पिवळी, गडावर जायच्या वाटा लाल ठिपक्यांच्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात बसायचं कुठं?" गुडघे गेलेले तिचे.

तेच डोक्यात राहिलं असणार. वाल निवडता निवडता सुपात एका बाजूला जागा केली आणि मांडायला लागली. किडक्या वालांची लांब ओळ केली. "ही नदी. हा पिंपळाचा पार, सावली चांगली हाय. ही रेशनची पायरी, दुकान बंद असंल तरच. ही मेडिकलची, पण तो मेला हुसकावतो."

"तुजं कर्जत म्हंजे नुसत्या बूड टेकायच्या जागा गं," मी म्हणालो.

"आणि तुमचं? टेंपो स्टँड नि चहा. टेंपो इकला तरी जाता."

ते खरं होतं. तिचा बाजार होईस्तोवर मी स्टँडवर जुन्या दोस्तांत बसायचो. माझा चहा संपता संपताच ती कशी यायची, कोण जाणे.

मग तिनं स्टँडचा म्हणून एक वाल मांडला आणि त्याच्या अंगाला आणखी एक, जरा बाजूला ठेवला.

"ही कुठली?"

"ती माजी हाय."

"सांग की."

"सांगून काय कळतंय तुमाला? उद्या चला, दाखवते."

दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली. चहाला हाक मारली तर उठलीच नाही.

मेव्हणी आली. बायकोला ओट्यावर ठेवायला जागा करायची म्हणून तिनं सूप उचललं आणि वाल डब्यात ओतले. मी बघत राहिलो. काय सांगणार? हे वाल नाहीत, कर्जत आहे? बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. अहेव गेली, भाग्याची, असं म्हणाल्या. माझ्या भाग्याचं कुणी बोललं नाही. संध्याकाळी नदीवर नेलं. चिता पेटली तरी माझ्या डोक्यात तो बाजूचा एक वाल. ती दाखवणार होती. तेवढं तरी माझ्याकडं राहायला पाहिजे होतं.

सकाळी उजाडल्यावर तिची बाजाराची पिशवी घेतली आणि निघालो. मेव्हणी दारात आडवी आली.

"भावोजी, सुतकात कुठं निघालात? लोकं काय म्हणतील?"

"बसायला चाललोय."

पारावर बसलो. रेशनच्या पायरीवर बसलो. मेडिकलवाल्यानं खरंच हुसकावलं. मग स्टँडच्या आजूबाजूला फिरत राहिलो, येडा झाल्यासारखा. शिंप्याच्या दुकानातून त्याच्या बायकोनं हाक मारली.

"काका, ही पिशवी आमचीच हाय. उरल्या कापडाची मीच शिवून दिली काकींना. त्या कुठं?"

मी पायरीखालीच थांबलो. "सुतक हाय पोरी. आत येत नाय."

तिला कळलं. तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग आतून लाकडी स्टूल आणून रस्त्याच्या कडेला ठेवलं.

"पंख्याखाली ह्याच्यावरच बसायच्या. इथनं तुमी दिसायचात ना. चहा संपला का बघत असायच्या. मी म्हणायची, काकी, हाक मारा की. तर म्हणायच्या, बसूदेत गं जरा, हसतायत."

मी स्टुलावर बसलो. समोर स्टँडवर दोस्त चहा पीत होते. बाकावर माझी जागा मोकळी होती. पिशवी मांडीवर घेऊन मी तिकडं बघत बसलो.