तळाला लागलेलं सूप

मिलिग्रॅमकाकांना किती वाजले म्हणून विचारलं तर ते "पावणेनऊ" असं कधीच म्हणत नाहीत. "आठ त्रेचाळीस" म्हणतात. अडतीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. पुड्या बांधल्या, मलमं घोटली, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि एवढ्या वर्षांत एकदाही मात्रा चुकू दिली नाही. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते आता फक्त पाकिटांवर छापून येतं. इमारतीत सगळे मिलिग्रॅमकाकाच म्हणतात, आणि ते वरवर चिडले तरी मनातून त्यांना आवडतं.

अशा माणसाच्या हातात एकाहत्तराव्या वर्षी सुरी आणि कांदा आला, म्हणजे बघा.

झालं असं की काकूंना ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास, दोन्ही घेऊन गेला. "सगळं ओल्या कागदासारखं लागतं हो," काकू म्हणायच्या. आधी जेवण कमी झालं, मग घासावर आलं, मग ताट बघूनच त्या मान फिरवायला लागल्या. बावन्न किलोची बाई दोन महिन्यांत एक्केचाळीसवर आली. डॉक्टर म्हणाले, चव येईल तेव्हा येईल, महिन्यानं नाहीतर वर्षानं. तोवर भरपूर भाज्या घालून पोटभरीचं सूप करा आणि काहीही करून ते पोटात जाऊ द्या.

एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात असते. ती येऊन बघून गेली. निघताना तिनं बाबांना जिन्यात गाठलं.

"बाबा, बरोबर तीन आठवड्यांनी, रविवारी मी येते. तोवर आईचं वजन बेचाळीसच्या वर गेलं नाही तर मी तिला घेऊन जाणार. रागावू नका, पण तुमच्यानं हे व्हायचं नाही."

"आणि मी?"

"तुमचं मग बघू. माझ्याकडे खोली एकच रिकामी आहे, तीही एका पलंगाची."

काका वर आले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काकू चार दिवसांच्या वर कुठे राहिल्या नव्हत्या. त्या गेल्या तर परत येतीलच असं नाही, हे लेक बोलली नव्हती, पण काकांना ऐकू आलं होतं.

तळमजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्यांनी सूपची कृती सुवाच्य अक्षरात लिहून दिली. आता कुणालाही ती वाचून सूप करता आलं असतं, पण काका कागद घेऊन पाच मिनिटांत पुन्हा खाली.

"बाई, मध्यम आकाराची दोन गाजरं म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, मध्यम म्हणजे मध्यम!"

"आणि हे मूठभर मसूर? मूठ कुणाची?"

"तुमचीच! दुसऱ्या कुणाची आणणार?"

"बरं. आणि हे चवीपुरतं मीठ?"

"चाखून बघायचं आणि घालायचं."

"चाखायचं कुणी?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण माणसाची अडचण खरी होती. रक्तदाबापायी अकरा वर्षं काका जवळजवळ अळणी जेवत होते. चिमूटभर मिठानंही त्यांची जीभ खवळायची. घरात जिभा दोन, एक रजेवर आणि दुसरी निवृत्त. मग मीठ ठरवणार कोण, शेजारी?

भाजीवालीच्या डोक्यालाही त्यांनी कमी ताप दिला नाही. ऐंशी ग्रॅमला गाजर थोडं जास्त भरलं म्हणून ते टोक मोडून परत द्यायला निघाले. "काका, गाजर आहे, सोनं नाही," ती म्हणाली आणि ते टोक स्वतःच खाऊन टाकलं.

तर काकांनी सूप केलं. लोण्यावर कांदा परतला, त्यात गाजर, बटाटा, लाल भोपळा, कोबी, काकांची स्वतःची, पण वजन करून घेतलेली मूठभर मसूर, पाणी मोजून. झाकण ठेवून पंचवीस मिनिटं. अर्धं घोटलं, अर्ध्या फोडी तशाच ठेवल्या, वर मिरपूड. दिसायला सुंदर झालं होतं, मी सांगते ना. अडीचशे मिलिलिटरचा वाडगा काकूंच्या हातात देऊन काका घड्याळ घेऊन दारात उभे राहिले. पेशंटनं औषध घेतलं की नाही ते बघायला उभं राहावं तसे, ताठ.

काकूंनी चार चमचे घेतले. "छान झालंय," म्हणाल्या आणि वाडगा खाली ठेवला.

छान झालंय हे हिला कसं कळलं? काका गोंधळले. पण विचारणार कसं?

पहिला आठवडा हे असंच. चार चमचे, पाच चमचे, एकदा तीन. काकांनी भोपळा वाढवला, कोबी कमी केला, कांदा बारीक चिरला, मग जाड चिरला. सगळं वहीत लिहिलं. काटा एक्केचाळीसवरून हलायला तयार नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मात्र काहीतरी विपरीत घडलं. सूप गॅसवर ठेवून काका खाली पत्रं बघायला गेले आणि मास्तरीणबाईंनी त्यांना आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल धरून ठेवलं. अठरा मिनिटं. वर आले तर घरभर धूर! भांड्याचा तळ काळाकुट्ट, आणि घरात दुसरी भाजी नाही. अडतीस वर्षांत कधी मात्रा चुकली नाही, आणि आता एक सूप सांभाळता येऊ नये? काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं थोडं धुराचं होतं. त्यांनी भराभर खिडक्या उघडल्या, वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतलं, काळे कण वेचायला घेतले, पण किती वेचणार? शेवटी तसाच वाडगा त्यांनी काकूंच्या पुढे ठेवला आणि तिथे उभं राहण्याचा धीर न होऊन ते बाहेर निघून गेले.

वीस मिनिटांनी आले तर वाडगा रिकामा.

रिकामा म्हणजे पुसून काढल्यासारखा. काकांनी वाडग्यात बघितलं, काकूंकडे बघितलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्या झोपल्यावर काकांनी पलंगाखाली वाकून बघितलं. खिडकीतून खाली डोकावले. कुंडीतली माती बोटानं उकरून तिचा वास घेतला. सूप कुठेच नव्हतं. म्हणजे ते पोटातच गेलं होतं!

बुधवारी काकांनी जीव ओतून सूप केलं. रंग, दाटपणा, सगळं जिथल्या तिथे. स्वतःवरच खूश होऊन ते दारात उभे राहिले. पाच चमचे. गुरुवारी त्याहून सुरेख. चार चमचे. काकांचं डोकं भणभणायला लागलं. चांगलं केलं तर नको, बिघडलं तर वाडगा चाटूनपुसून, ही कुठली तऱ्हा?

गुरुवारी संध्याकाळी वही वाचता वाचता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जळका वास! इतका उग्र वास की मेलेल्या नाकालाही पोचला असणार. दोन महिन्यांत तिला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली असणार! विचारून खात्री करावी, तर मंगळवारी सूप जळलं होतं हे कबूल करावं लागणार. ते काही त्यांच्या जिभेवर येईना. मग त्यांनी कंपाउंडरच्या पद्धतीनं ठरवलं, आधी देऊन बघायचं.

शुक्रवारी त्यांनी सूप मुद्दाम जाळलं. आता तुम्ही म्हणाल, जाळायला काय अक्कल लागते? तुम्हाला नाही लागत, काकांना लागते. किती जाळायचं? चार मिनिटं जास्त ठेवलं तर नुसता खरपूस वास, सहा मिनिटांत काळे कण, आठ मिनिटांत भांडं फेकायच्या लायकीचं. त्यांनी सहा मिनिटं नक्की केली. आपण पाप करतोय असं वाटून वाडगा ठेवायचा आणि पळायचं. परत यावं तर वाडगा रिकामा. शनिवारी रिकामा. रविवारी रिकामा. पुढच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा रिकामा. एक्केचाळीसचा काटा हळूहळू सरकायला लागला आणि काका भांडी घासून घासून बोटं सोलून घ्यायला लागले.

तिसऱ्या रविवारी लेक ठरल्यापेक्षा तासभर आधीच आली. दार उघडंच होतं. आत धूर, आणि धुरात बाबा, घड्याळ बघत शांत उभे.

"बाबा! जळतंय!"

"माहीत आहे. अजून दोन मिनिटं."

लेकीनं धावत जाऊन गॅस बंद केला.

"अगं, दोन मिनिटं राहिली होती!" काका कळवळून म्हणाले.

तिनं चमचाभर सूप तोंडात घातलं आणि सिंकमध्ये थुंकलं. मग काकांनी तिला सगळं समजावून सांगितलं. नाक, उग्र वास, मंगळवार, वहीतले आकडे. जसजसं ते सांगत गेले तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. आईला बघायला आले आणि इथे बाबांचंच डोकं गेलंय, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

"हे जळकं तुम्ही तिला दहा दिवस घालताय?"

"पण वजन बघ ना!"

वजन बघितलं. बेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. लेकीनं काट्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि माळ्यावरून आईची बॅग काढली.

"तू बेचाळीस म्हणाली होतीस," काका काट्याकडे बोट दाखवत म्हणाले. "बेचाळीसच्या वर आहे. सहाशे ग्रॅम वर आहे."

"असं वाढवलेलं वजन नकोय मला. आई, तू सांग. तुला खरंच जळका वास येतो?"

काकू पलंगावर उठून बसल्या. एकदा नवऱ्याकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच येत नाही."

काका मटकन खुर्चीत बसले. "मग मंगळवारी..."

"मंगळवारी घरभर धूर होता. सूपमध्ये काळे कण होते. मला वास नाही, पण डोळे आहेत ना हो? तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. वाडगा टाकून पळालात. म्हटलं, सूप उरलं तर हे चाखून बघतील आणि पुन्हा म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. म्हणून संपवलं."

"आणि शुक्रवारपासून?"

"शुक्रवारपासून रोजच जळायला लागलं. मला वाटलं, तुमची नजर गेली. वाटलं, बिचाऱ्याला जमत नाहीये, पण रोज उठून करतोय. मग काय करणार? गिळलं."

"पण बुधवारी!" काका जवळजवळ ओरडलेच. "बुधवारी किती चांगलं झालं होतं! ते का नाही खाल्लंस?"

"चांगलं झालं होतं? मला कसं कळणार?" काकूही आता चिडल्या. "बुधवारी तुम्ही दारात ऐटीत उभे होतात, घड्याळ घेऊन. तुम्हाला माझी काही गरज दिसत नव्हती."

लेक बॅगेवरच बसली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि दोन्ही लपवायच्या नादात तिला काहीच लपवता येईना.

"आई, तरीपण चल ना गं. माझ्याकडे निदान नीट केलेलं सूप मिळेल."

"तू चांगलंच करशील. पण मला ते कागदासारखंच लागणार. चांगलं असो की जळकं, मला सारखंच. मग घास गिळायचा कशासाठी? तू सकाळी वाडगा ठेवून कामाला जाशील. इथे हे आहेत. यांचं तोंड बघते तेव्हा मला जेवावंसं वाटतं. जीभ गेली माझी, आता मी यांच्या तोंडाकडे बघूनच जेवते."

लेकीनं उठून बॅग पुन्हा माळ्यावर टाकली आणि जळकं भांडं पाण्याखाली धरलं. काका मात्र अजून खुर्चीतच. अडतीस वर्षांच्या अनुभवात हे औषध कुठेच बसत नव्हतं. गाजराचं वजन करता येतं, मिठाचं येतं. याचं कसं करायचं?

"मग उद्या सूप आणताना," त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मी तोंड कसं करू?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पलंगावर थोडं सरकून जागा केली.

"आधी इथे बसा," त्या म्हणाल्या. "आणि स्वतःचा वाडगा घेऊन या."